सदाशिवपेटच्या पुढचा प्लग

माझ्याकडे एक चाक आहे. सायकलचं नाही, स्कूटरचं नाही. नुसतं एक चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला एकेक पट्टी आणि पोटात बॅटरी. पुढे झुकलं की पळतं, मागे रेललं की थांबतं. हँडल नाही, सीट नाही, वजन मात्र पस्तीस किलो. कंपनीने त्याला ऐटबाज नाव दिलेलं आहे, पण हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत त्याला सगळे 'एक पय्या' म्हणतात. कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात गल्ल्यावर बसणारे चाचा पहिल्या दिवशी मला खालून वर न्याहाळत म्हणाले होते, "क्या मियाँ, दूसरा पय्या किधर गिरा दिए?" तीन वर्षं झाली, अजून भेटले की तेच विचारतात.

शिकायला घेतलं तेव्हा मी चाळिशीचा होतो. जामबागेतल्या एका शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी वॉचमनची मनधरणी करून आत शिरायचं आणि तासभर नुसतं पडायचं. महिनाभर मी पडलो. मनगट सुजलं, गुडघा सोलला, दोन पँटी कामातून गेल्या. बायको पुण्याची. ती म्हणाली, "पडायला जामबागेपर्यंत कशाला जातोस? घरात पड, पेट्रोल तरी वाचेल." पण मला त्या चाकाचा वेग आवडला होता. मला मुळात थांबता येत नाही. सिग्नलला नाही, रांगेत नाही, पानावर दुसऱ्याचं जेवण होईपर्यंत नाही. ऑफिसात लोक ह्याला तडफ म्हणतात, घरात त्याला दुसरं नाव आहे.

गेल्या पावसाळ्यात मनाने घेतलं, की ह्या चाकावरून हैदराबादहून उदगीरपर्यंत जायचं. उदगीरच्या अलीकडे आमचं मूळ गाव आहे. तिथे आता आमचं घर नाही, जमीन नाही, ओळखीचं कुणी नाही. फक्त आमच्या आडनावात ते गाव उरलं आहे. जायला कारण तेवढंच. हमरस्त्याने मोटारीत पाच तास लागतात, पण मला हमरस्ता नको होता. कालव्यांचे बांध, तलावांचे कट्टे, शेतांमधल्या वाटा, असं मातीवरून जायचं होतं. तीन दिवस आणि सव्वादोनशे किलोमीटर. पाऊस संपून काळी माती वाळली की निघायचं, असं ठरवलं.

लोकांना वाटतं, अशा प्रवासाची तयारी म्हणजे बूट, गुडघ्यांची कवचं, दिवे, पाण्याच्या बाटल्या. ते सगळं एका शनिवारी आबिड्सला जाऊन झालं. खरी तयारी म्हणजे प्लग. कंपनी म्हणते, एका चार्जमध्ये चाक दीडशे किलोमीटर जातं. कंपनीचा माणूस बहुधा गुळगुळीत फरशीवर, उपाशीपोटी चालवत असावा. मातीत, माझ्या वजनाने, पाठीवर चार्जर घेऊन ते सत्तर जातं. बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली आली की चाक पायाखालच्या पट्ट्या मागे कलवून सांगतं, आता पुरे. तरी ऐकलं नाही तर एकदम मान टाकतं आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून दर साठ-पासष्ट किलोमीटरवर एक प्लग हवा, आणि त्या प्लगजवळ चार तास बसू देईल असं कुणीतरी हवं. माझ्यासारख्या माणसाने असं वाहन का निवडलं, हा प्रश्न बायकोने विचारला होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बाबांना हे चाक अजिबात आवडत नाही. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आमच्याबरोबरच राहतात. "सर्कशीतच जायचं होतं तर इंजिनिअरिंग कशाला केलंस?" असं त्यांनी सुरुवातीलाच विचारून ठेवलं होतं. पण ते पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मेदक जिल्ह्यातल्या बांधांवरून आणि कालव्यांवरून पायी काढली. एक दिवस मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून रस्ता शोधत बसलो होतो, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

"ह्यात बंडीची वाट कुठाय?" त्यांनी विचारलं. बंडी म्हणजे बैलगाडी. आमच्या हैदराबादी मराठीत तेलुगू शब्द कधी येऊन बसतात ते आम्हालाही कळत नाही.

"बंडीची वाट उपग्रहाला दिसत नाही, बाबा."

"मला दिसते. सरक."

त्या दिवसापासून तयारी माझी राहिली नाही. त्यांनी कपाटावरून जुने कागद काढले, पेन्सिलीला टोक केलं, आणि मांजरा नदीच्या अलीकडे कुठला बांध रुंद आहे, कुठे चेरुवूच्या, म्हणजे गावतलावाच्या, कट्ट्यावरून जाता येतं, कुठे दगडाचे तुकडे आहेत, हे धडाधड सांगायला लागले. निवृत्त झाल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

"वाटेत चार्ज कुठे करणार?"

"बघू. ढाबा-बिबा."

"ढाबे सडकेवर असतात. तू जाणार बांधावरून. दहा किलोमीटर सडकेकडे, दहा परत. मग चार्ज करून मिळवलंस काय?"

ते उठून आत गेले आणि आमंत्रणांची वही घेऊन आले.

ही वही म्हणजे आमच्या घरातल्या लग्नमुंजींच्या पत्रिका वाटायची वही. आमच्याकडे पत्रिका पोस्टाने किंवा फोनवर पाठवली तर ती पोचली असं कुणी धरत नाही. घरातल्या माणसाने स्वतः जायचं, घरच्या बाईपुढे कुंकवाचा करंडा धरायचा, पत्रिकेवर अक्षता ठेवून ती हातात द्यायची आणि 'सगळ्यांनी यायचं' असं तोंडाने म्हणायचं. उदगीरपासून हैदराबादपर्यंत पसरलेले आमचे सगेसोयरे जुनं संस्थान गेल्यावर तीन राज्यांत वाटले गेले, पण पत्रिका वाटायचा क्रम तोच राहिला. वहीत गावं वाटेच्या क्रमाने लिहिलेली आहेत. प्रत्येक गावापुढे घराची खूण, पाकिटावर कुणाचं नाव आधी घालायचं ते, आणि शेवटच्या रकान्यात बाबांच्या बारीक अक्षरात दोनपैकी एक सूचना: 'चहा पुरे' किंवा 'जेवल्याशिवाय उठू नये'.

"चहाच्या घरी अर्धा तास," बाबा हिशेब मांडत म्हणाले. "जेवणाच्या घरी जेवण, मग पान, मग थोडं लवंडणं, उठल्यावर चहा. चार तास कुठे गेले नाहीत. तुझं चाक जेवणाच्या घरीच भरेल."

चार्जिंगची इतकी नेमकी मांडणी मी कुठल्याही संकेतस्थळावर वाचली नव्हती. आम्ही फोन लावायला सुरुवात केली. बीदरला बाबांचे मावसभाऊ आहेत. ते म्हणाले, प्लग काय मागतोस, खोली घे. भालकीला एक निवृत्त गुरुजी आहेत, नात्याने लांबचे पण वहीत जेवणाचे. त्यांनी विचारलं, "चाकाला काय लागतं?" मी म्हटलं, "करंट." "आणि तुला?" मी म्हटलं, "जे असेल ते." "मग कळवून कशाला येतोस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. शंकरपल्लीला माझ्या ऑफिसातल्या एका मित्राची शेती होती, तिथे पंपाच्या खोलीत प्लग होता. ज्यांना मी वीस वर्षांत भेटलो नव्हतो, ती माणसं माझ्या एका फोनवर घरातला प्लग, ताट आणि उशी द्यायला तयार होत होती. खरं सांगतो, मला संकोच वाटला, आणि फार बरंही वाटलं.

मग शंकरपल्ली ते बीदर हा टप्पा आला. मातीच्या वाटेने शंभर किलोमीटर. सदाशिवपेटच्या पुढे बाबांची पेन्सिल कागदावरून उचलली गेली आणि थेट बीदरला टेकली.

"मध्ये?" मी विचारलं, उत्तर ठाऊक असून.

"मध्ये आपलं कुणी नाही."

वहीत मात्र होतं. झहीराबादच्या अलीकडचं, सडकेपासून आत असलेलं एक गाव. मारुतीच्या देवळामागचं घर. पाकिटावर आतोबांचं नाव. जेवल्याशिवाय उठू नये. त्या ओळीवर शाईची एक सरळ रेघ मारलेली होती. ते माझ्या आत्याचं घर, बाबांच्या धाकट्या बहिणीचं.

आत्याबद्दल सांगायला हवं. मी दहावीत असताना आई गेली. आत्याने आपला संसार सासूच्या हवाली केला आणि ती नऊ महिने हैदराबादला येऊन राहिली. पहाटे मला उठवायची आणि समोर तांदूळ निवडत बसायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. तरी पुस्तक स्वतःच्या मांडीवर ठेवून मला उत्तरं म्हणायला लावायची, आणि मी अडखळलो की "चुकलं" म्हणायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. परीक्षा संपल्यावर ती परत गेली, तेव्हा स्टँडवर मी तिच्याशी धड बोललोही नाही, कारण रडू येईल अशी भीती वाटत होती.

अकरा वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं. कार्यालय मिळालं ते तीनच आठवड्यांनंतरचं, त्यामुळे सगळी धावपळ. झहीराबाद आणि बीदरकडच्या पत्रिका बाबांनी माझ्याकडे दिल्या. मी मोटारसायकलवर निघालो, एका दिवसात चौदा घरं करायची होती. आत्याच्या दाराशी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि दाराला कडी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "तूर काढाया गेलेत. येतील दिवस बुडायला. बस की." दोन तास. बीदरची दोन घरं अजून व्हायची होती आणि सकाळी ऑफिसात हजर व्हायचं होतं. मी स्वतःला म्हटलं, आपलीच आत्या, तिच्याशी कसली औपचारिकता, फोन करून सांगू. आणि पत्रिका दाराच्या कडीत खोचून मी निघालो.

फोन राहून गेला. परत आल्यावर बाबांनी वही उघडून एकेक घर विचारलं. आत्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हातात दिलीस ना?" मी म्हटलं, "हो."

खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला परत पाठवलं असतं, एवढंच. वेळ होता. म्हणजे मी घाबरून खोटं बोललो असंही नाही. मला परत जायचा कंटाळा आला होता.

आत्या लग्नाला आली नाही. आमच्याकडे लग्नात आत्याचा मान केवढा असतो हे सांगायला नको. माझ्या बाबतीत तर आईच्या जागीही तीच होती. लग्नाच्या दोन दिवस आधी बाबांनी फोन केला, "पोराने हातात पत्रिका दिली, मग अजून निघाली कशी नाहीस?" तिने सांगितलं, गुडघा धरलाय, जमणार नाही. बाबांना ते फार लागलं. रीतसर आमंत्रण हातात पडूनही सख्खी बहीण गुडघ्याचं कारण सांगते, आणि ज्या पोराला तिने सांभाळलं त्याच्या लग्नाला येत नाही, ह्याचा अर्थ त्यांनी एकच लावला. लग्नानंतर त्यांनी वही काढली आणि ती रेघ मारली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. इतरांच्या लग्नात मांडवाच्या दोन टोकांना बसतात. भाऊबीजेला बाबा सकाळीच काहीतरी काम काढून बाहेर पडतात आणि संध्याकाळी परत येतात. जेवताना तिचा विषय निघाला की म्हणतात, "माणूस इतकं बदलतं." मी पानाकडे बघत राहतो.

तर सदाशिवपेटच्या पुढे एक प्लग हवा होता, आणि तो टाळण्यासाठी मी एका महिन्यात केलेला खटाटोप मला आज सांगायलाही लाज वाटते. विकाराबादच्या डोंगरांतून वाट काढून पाहिली. ती लांब पडली आणि चढाने बॅटरी आधीच संपली असती. पाठीवर लावायचा सोलरचा पत्रा मागवला. गच्चीवर तीन दिवस ठेवून त्याने चाकात आठ टक्के भर घातली. दुसऱ्या बॅटरीचं वजन पाठीला झेपलं नाही. एके संध्याकाळी बायको शेजारी बसली आणि म्हणाली, "सदाशिवपेटच्या पुढे काय आहे? तिथे आलं की तू लॅपटॉप मिटतोस."

मी तिला सगळं सांगितलं. कडी, म्हातारी, "हो".

"मला वाटत होतं, मी त्यांना पसंत नव्हते," ती मग म्हणाली. "पुण्याची, नोकरीवाली, घराण्याबाहेरची. अकरा वर्षं मला तसंच वाटत होतं."

हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला लागलो तर तिने हात वर केला. "मला नको सांगूस. जिथे सांगायचं तिथे जा."

पुढच्या रविवारी मी चाक मोटारीच्या डिकीत घातलं आणि वाटेची पाहणी करायला जातो असं बाबांना सांगून निघालो. हेही पुन्हा खोटंच, पण निम्मं.

आत्या ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. केस पार पांढरे झालेले. आतोबा बाजाराला गेले होते. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि म्हणाली, "आलास? बस." जणू मी कोपऱ्यावरून दही आणायला गेलो होतो. उठून तिने पाणी आणि गूळ समोर ठेवला. मी दोन तासांच्या वाटेत जे काही म्हणायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून निघालं ते असं: "आत्या, तुझ्याकडे पंधरा अँपियरचा प्लग आहे का?"

तिने प्रश्न गंभीरपणे घेतला. "मोटरच्या खोलीत आहे. करंट सकाळी पक्का असतो, दुपारून जातो-येतो. कामून रे?"

मी चाक काढून दाखवलं. गुडघ्यांना कवचं बांधून अंगणात एक फेरी मारली. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"बसतात कुठं ह्याच्यावर?"

"उभं राहायचं."

"उदगीरपर्यंत उभा?"

"हो."

"बापासारखाच आहेस," ती म्हणाली आणि परत मिरच्यांशी जाऊन बसली.

मी चाक भिंतीला टेकवलं आणि तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "आत्या, लग्नाची पत्रिका मी तुझ्या हातात दिली नाही. कडीत खोचून गेलो होतो."

"माहीत आहे की." तिचे हात थांबले नाहीत. "पाकिटावर तुझंच अक्षर होतं. शेजारीण म्हणाली, बस म्हटलं तर हेल्मेटपण काढलं नाही पोरानं."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? दादा फोनवर म्हणाला, पोरानं हातात दिली. आता मी नाही म्हणाले असते तर तू खोटा पडला असतास. दोन दिवसांवर लग्न. बापाचं बोलणं खाऊन मांडवात उभा राहिला असतास का? मग गुडघा म्हटलं."

"तशीच यायचं होतंस."

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "बोलावल्याशिवाय? मलाही मान आहे की, बाळा. आठवडाभर वाट पाहिली मी, निदान फोन येईल म्हणून. नवं लुगडं काढून ठेवलं होतं."

मला पुढचं विचारायचा धीर होत नव्हता, पण विचारलं. "आणि नंतर? इतक्या वर्षांत?"

"नंतर तू सांगशील म्हणून थांबले."

त्यात टोमणा नव्हता. एसटीची वाट पाहत थांबले, असं कुणी म्हणावं तसं ती म्हणाली. मला रडू आलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, गुडघ्यांना प्लास्टिकची कवचं बांधलेला, मिरच्यांच्या ढिगासमोर बसून रडत होतो, आणि मिरचीमुळे नाही. तिने पदराने हात पुसले, माझ्या डोक्यावर एकदा फिरवले आणि म्हणाली, "आधी जेव."

अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि वर कच्चं तेल. तिने चाकाचा प्लगही स्वतः लावला, मोटरच्या खोलीतली जळमटं झाडूने काढून. दिवा लाल लागला, म्हणजे चार्ज होतंय, हे तिला सांगितल्यावर मध्येमध्ये उठून ती बघून यायची. करंट दोनदा गेला. चार तासांचे साडेपाच झाले. ती बोलत होती, मी ऐकत होतो. कुणाचं लग्न झालं, कुणाची विहीर आटली, माझ्या आईच्या हाताला कशी चव होती. माझा फोन मोटारीतच राहिला होता आणि मला त्याची आठवणही झाली नाही. निघताना मी विचारलं, "बाबांना सांगू?"

"ते तुझं तू बघ," ती म्हणाली. "प्लग लागला तर ये. त्याला अट नाही."

परतताना सडकेवर अंधारायला लागलं होतं. मी नेहमीपेक्षा हळू चालवत होतो. आत्याने मला एकदा परीक्षेत वाचवलं हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा तिने मला माझ्याच बापापासून वाचवलं आणि त्यासाठी आपला भाऊ गमावला, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. एवढं कुणी कुणासाठी करतं, आणि ते माझ्यासाठी केलेलं असावं, ह्याचं मला ओझं वाटायला हवं होतं. पण मोटारीत एकटा असताना मला फक्त उपकृत वाटत होतं, फार वर्षांनी, अगदी भरून. त्या चाकाचेही मी आभार मानले. त्याची बॅटरी आणखी तीस किलोमीटर टिकली असती तर मी आत्याच्या गावाला वळसा घालून सरळ बीदरला गेलो असतो.

सोमवारी सकाळी बाबा टेबलाशी कागद पसरून बसलेले होते. मी आत्याचं गाव टाळतोय हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांच्या मते मी ते त्यांच्या रागामुळेच टाळत होतो. म्हणून त्यांनी रात्रीत नारायणखेडवरून नवी वाट आखली होती, चाळीस किलोमीटर जास्तीची. तीन गावांत कुणाकडे उतरायचं हेही लिहून ठेवलं होतं. "ही घे," ते म्हणाले. "लांब आहे, पण जमेल. तुझी अडचण नको व्हायला."

मी उभ्यानेच सांगितलं. पत्रिका हातात दिली नव्हती, कडीत खोचली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. आत्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि माझ्यासाठी ती गप्प राहिली. बस, एवढंच होतं. अकरा वर्षं जे सांगता आलं नाही ते सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळली, ती त्यांनी पुन्हा सरळ केली.

"हातात दिली म्हणाला होतास."

"हो."

"मी तुझ्यासमोर तिला नावं ठेवली. दर दिवाळीला. तू तिथेच जेवत असायचास."

"हो, बाबा."

बाबा भिंतीकडे बघत बसले. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने गॅस बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला. मग बाबांनी फोन उचलला. आत्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नाही, तो त्यांनी तेव्हाच काढून टाकला होता. त्यांनी एकेक आकडा दाबला, न अडखळता, दहाच्या दहा.

"मी," ते म्हणाले. पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. मग बाबा म्हणाले, "तू तरी सांगायचंस गं." पुन्हा ऐकत राहिले. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी डोळे पुसले, चष्मा काढायचंही भान नव्हतं, टॉवेल काचांच्या खालून घातला. शेवटी "बरं" म्हणाले, दोनदा, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, पोराला बोलू नकोस."

एवढं म्हणून ते उठले आणि चपला शोधायला लागले. "गाडी काढ."

मी बोलून गेलो, "बाबा, आज सोमवार. दहाला माझी मीटिंग आहे. रविवारी निवांत जाऊ."

"ती सत्तरची आहे. मी चौऱ्याहत्तरचा. रविवार तुझा तू ठेव."

मी ऑफिसात कळवलं आणि गाडी काढली. बायकोही आली; आत्याच्या घरी जायची ती पहिलीच वेळ, म्हणून वाटेत दोनदा साडी ठीक केली. बाबा पुढे माझ्याशेजारी बसले. सदाशिवपेटच्या पुढे हमरस्ता सोडल्यावर मी फोनवर वाट लावायला गेलो, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन खिशात घातला. पुढे तेच सांगत होते: डावीकडे, आता बांधाच्या बाजूने, लिंबापाशी उजवीकडे. एकही वळण ते विसरले नव्हते.